नील बेट तुम्हाला झेपेल का?

दर मे महिन्यात पेपरात एक बातमी हमखास असते. मान्सून अंदमानात दाखल! लोकलमध्ये घामाच्या धारा लागलेल्या असताना ती वाचली की उगाचच गार वाटतं. अंदमानशी आपली दुसरी ओळख शाळेच्या पुस्तकातली. सावरकर, सेल्युलर जेल, कोलू, काळं पाणी. आणि तिसरी ओळख चक्क खिशातली. ती लालसर रंगाची वीस रुपयांची जुनी नोट आठवतेय? तिच्या मागे जी नारळाची झाडं आणि समुद्र आहे ना, ते अंदमानच. (२०१९ साली आलेल्या नव्या नोटेवर आपलं वेरूळ आहे, म्हणजे हिशेब फिटला!)

आता चौथी ओळख झालीय ती फोटोंमधून. ऑफिसातलं कुणीतरी आठवडाभर गायब होतं आणि रापलेला चेहरा घेऊन परत येतं. लंच टाइमला मोबाइल पुढे सरकवला जातो. निळंशार पाणी, पांढरी वाळू आणि त्यावर एकही माणूस नाही. ‘नील आयलंड. तिथे काही म्हणजे काहीच नाही रे, सॉलिड शांत!’ बस्स, आपणही संध्याकाळपर्यंत फ्लाइट्सचे रेट बघायला लागतो.

इथेच जरा थांबा. ‘काहीच नाही’ ही जाहिरात आहे की धोक्याची सूचना, हे माणसागणिक बदलतं. वर्षाला मिळणार मोजक्या रजा, त्यातल्या पाच-सहा एका झटक्यात जाणार, विमानाचं भाडंही गोव्यासारखं नाही. एवढं करून तिसऱ्या दिवशी ‘आता काय करायचं?’ असं म्हणत बसायची वेळ आली तर सुट्टीही गेली आणि पैसेही. तेव्हा हा प्रश्न तिकीट काढायच्या आधी, घरीच सोडवलेला बरा.

आधी बेट कसं आहे ते पाहू. सरकारी कागदावर याचं नाव आता शहीद द्वीप. नेताजी सुभाषचंद्र बोस डिसेंबर १९४३मध्ये पोर्ट ब्लेअरला आले होते. अंदमान-निकोबारला शहीद आणि स्वराज ही नावं द्यायची कल्पना त्यांची. त्यांनी तिथे ध्वज फडकवला त्याला ७५ वर्षं झाली तेव्हा, ३० डिसेंबर २०१८ला, नीलचं शहीद द्वीप आणि शेजारच्या हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं. पोर्ट ब्लेअरही २०२४पासून श्री विजयपुरम आहे. बोलताना मात्र लोक अजूनही नील आणि हॅवलॉकच म्हणतात, त्यामुळे आपणही तेच म्हणू.

श्री विजयपुरमपासून समुद्रातून सुमारे ३७ किलोमीटर. बेटाचा आकार सुमारे १४ चौरस किलोमीटर आणि २०११च्या जनगणनेनुसार वस्ती फक्त तीन हजारांच्या आसपास. ठाण्यातल्या एखाद्या मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये याहून जास्त माणसं राहतात! १९६०च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना इथे जमिनी देऊन वसवलं गेलं. त्यामुळे कानावर बंगाली पडते (हिंदीत सगळं भागतं, काळजी नको) आणि गावांची नावं थेट रामायणातली. सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. मधल्या बाजाराचं गाव तेवढं नील केंद्र. बेटावर भातशेती आहे, केळी आहेत, सुपारी आहे आणि भाजी तर इतकी पिकते की अंदमानची भाजीची टोपली अशीच नीलची ओळख आहे. म्हणजे शाकाहारी मंडळींची उपासमार होत नाही. मासे खाणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. बंगाली हातचं माशाचं कालवण आणि भात, दुपारी बाराला. त्यानंतर जी झोप लागते ती रविवारीही घरी लागत नाही.

थोडक्यात, स्कूटरवर अख्खं बेट अर्ध्या दिवसात पालथं घालता येतं. सायकलवर निघालात तर एका दिवसात, तेही मध्ये दोनदा शहाळं पिऊन. आणि खरी गंमत त्यानंतर सुरू होते.

संध्याकाळी साडेपाचला काय कराल?

अंदमानची सगळी परीक्षा या एका प्रश्नात आहे. हे बेट मुंबईपासून जवळजवळ वीस रेखांश पूर्वेला, पण घड्याळ तेच. डिसेंबरात मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, नीलला पाचच्या सुमारास. लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर सगळे सूर्यास्त बघायला जमतात, टाळ्या-बिळ्या होतात, फोटो काढून होतात आणि साडेपाचला मिट्ट काळोख. ऑफिसात त्या वेळी आपला चौथा चहाही झालेला नसतो!

मग पुढे? मॉल नाही, मल्टिप्लेक्स नाही, पब नाही. बाजारात फेरी मारायची तर तो एका चहात संपतो. रात्रीचं जेवण आठला. म्हणजे झोपेपर्यंतचे चार तास तुमचे तुम्हालाच भरायचे असतात. पुस्तक, गप्पा, पत्ते किंवा नुसतं अंधारात वाळूवर पडून आकाश बघणं. अमावस्येच्या आसपास गेलात तर चांदण्यांचा असा काही सडा पडतो की दादरच्या गच्चीवरचं आकाश म्हणजे ट्रेलरसुद्धा नव्हता हे कळतं. हे वाचताना ‘वा!’ झालं असेल तर नील तुमचं आहे. ‘हे ठीक आहे, पण दहा मिनिटांनंतर काय?’ असा प्रश्न पडला असेल तर त्यात वाईट काही नाही, पण मग नीलला एकच रात्र ठेवा.

त्याची भरपाई पहाटे होते. डिसेंबरात पावणेसहाच्या सुमारास सीतापूरच्या किनाऱ्यावर सूर्य वर आलेला असतो, उन्हाळ्यात तर पाचलाच. रात्री दहाला झोपून पाचला उठणाऱ्यांसाठी हे बेट म्हणजे स्वर्ग. सुट्टीत अकराला उठणं हीच ज्यांची चैन, त्यांनी लक्षात घ्यावं की अकरापर्यंत इथला सगळ्यात देखणा भाग संपलेला असतो आणि डोक्यावर ऊन मी म्हणत असतं.

आणि मोबाइल! ऑगस्ट २०२०मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल टाकून अंदमानला जोडलं गेलं, तेव्हापासून श्री विजयपुरममध्ये नेट बरंच सुधारलं. ती केबल हॅवलॉकला पोचते, पण जोडलेल्या बेटांच्या यादीत नील नाही. इथे नेट चालतं, नाही असं नाही, पण त्याच्या भरवशावर राहू नये. ‘मी सुट्टीवर आहे पण अव्हेलेबल आहे’ असं बॉसला सांगून निघणाऱ्यांनी नीलच्या वाटेला जाऊच नये. व्हिडिओ कॉल मध्येच अडकला की मूड जातो, समोरच्या समुद्राचाही मग राग यायला लागतो. ऑफिसला स्पष्ट सांगता येत असेल की मी चार दिवस नाही, तरच जा.

तीन तासांचं नील

आपल्याकडच्या टूर्समध्ये अंदमान सुपरहिट आहे आणि त्याचं कारण सावरकर. १९११ ते १९२१ अशी दहा वर्षं ते सेल्युलर जेलमध्ये होते. ती कोठडी बघताना गळ्यात आवंढा येतो, लाइट अँड साउंड शोला शेजारच्या काकू डोळे पुसत असतात, हे सगळं खरं आणि ते चुकवू नयेच. पण याच टूर्समध्ये नील कसं बसवलेलं असतं? सकाळी बोटीने यायचं, भरतपूरला काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ बघायचे, पळत जाऊन नैसर्गिक कमान बघायची, जेवायचं आणि दुपारच्या बोटीने परत. मग लोक म्हणतात, नीलमध्ये विशेष काही नाही. कसं असेल?

कारण या बेटाचं टाइमटेबल टूर मॅनेजर ठरवत नाही, भरती-ओहोटी ठरवते. लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावर खडकाची जी कमान आहे (बंगाली लोकांनी तिचं नाव हावडा ब्रिज ठेवलंय!) तिथे फक्त ओहोटीलाच जाता येतं. पाणी उतरलं की खडकांतली डबकी उघडी पडतात आणि त्यांत खेकडे, तारामासे, समुद्रकाकड्या, रंगीत मासे असं एक छोटं मत्स्यालय असतं. वाकून, न घाई करता बघायचं. पौर्णिमा-अमावस्येच्या सुमाराला ओहोटी जास्त खाली जाते, तेव्हा तर विचारू नका. उलट भरतपूरला डुंबायचं तर भरती हवी, नाहीतर पायाखाली दगड लागतात. आणि ही वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे एकाच दिवसात दोन्ही गोष्टी जमतीलच असं नाही. दोन पूर्ण दिवस राहिलात तर जमतात. तीन तासांसाठी आलात तर तुमच्या वाट्याला नेमकी उलटी वेळ येण्याचीच शक्यता जास्त.

भरतपूरचा किनारा जेट्टीला लागूनच असल्याने दुपारपर्यंत तिथे वॉटर स्पोर्ट्सचा गलका असतो. दिवसभराची मंडळी परत गेली की बेट हळूच आपल्या मूळ आवाजात येतं. ते ऐकायला मिळावं म्हणून तर एवढ्या लांब यायचं.

तुमचं सोडा, जोडीदाराचं काय?

हा मुद्दा कुणी बोलत नाही. एक जण लिस्टवाला असतो. स्कूबा झालं, जेट स्की झालं, पुढे काय? दुसरा लोळणारा असतो. हॅमॉक, पुस्तक, ‘मला उठवू नकोस.’ गोव्यात हे दोघं खपून जातात, कारण एक जण लोळत असताना दुसऱ्याला जायला शंभर जागा असतात. नीलला पळायला जागाच नाही. तिसऱ्या संध्याकाळी भांडण ठरलेलं.

नवपरिणीतांचं तर आणखी वेगळं. लग्न ठरवून झालेलं, साखरपुड्यापासून आठ-दहा भेटी आणि अर्धा वेळ घरचे सोबत. अशा जोडीने थेट नीलला चार रात्री काढणं म्हणजे मला जरा जास्तच वाटतं. आधी हॅवलॉकला दोन रात्री घ्या. ते बेट मोठं आहे, हॉटेलं-कॅफे आहेत, डायव्हिंग शिकवणारे आहेत, आणि २००४ साली ‘टाइम’ मासिकाने आशियातला सर्वोत्तम ठरवलेला राधानगरचा किनारा तिथेच आहे. तिथे थोडी धमाल करा, एकत्र घाबरा, हसा. मग नीलला या. अंधारात बोलायला तोपर्यंत काहीतरी जमा झालेलं असतं.

आता तुमच्यातला कोकणातला माणूस म्हणणारच, ‘नारळ, सुपारी, मासे, शांतता... हे तर आमच्याकडे आहे की!’ अगदी मान्य. फरक पाण्याचा आहे. आपल्या किनाऱ्यावर सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या गाळ आणतात. नीलला तशी मोठी नदीच नाही आणि भोवती प्रवाळ. म्हणून ते पाणी काचेसारखं दिसतं. तुम्हाला फक्त शांतता हवी असेल तर खरंच गुहागर किंवा भोगवे पुरे, पैसे वाचवा. पाण्याखालचं बघायचं असेल तर अंदमान. आणि दोन्हींपैकी काय हवंय हेच कळत नसेल तर आधी कोकणातल्या एखाद्या घरगुती मुक्कामाला दोन रात्री काढा, टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवून. रविवारी सकाळी ‘आणखी एक दिवस राहूया ना’ हे कुणाच्या तोंडून निघालं, की निघालंच नाही, यावरून नीलचं बुकिंग ठरवा.

जायचं ठरलंच तर

ऑक्टोबरअखेर ते एप्रिल हा काळ चांगला, त्यातही जानेवारी ते मार्च उत्तम. डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत बंगालच्या उपसागरात वादळं होतात, बोटी बंद पडतात. डिसेंबर २०१६मध्ये अशाच हवामानात हॅवलॉक आणि नीलवर हजारभराहून जास्त पर्यटक अडकले होते, शेवटी नौदलाला जहाजं पाठवावी लागली. म्हणून परतीच्या विमानाच्या आदला दिवस श्री विजयपुरममध्येच काढायचा, बेटावर नाही. सोमवारी प्रेझेंटेशन असेल तर नक्कीच नाही. स्कूबा करणार असाल तर तसाही विमानाआधी चोवीस तास मध्ये जायला हवेत, त्यामुळे जेल आणि संग्रहालयं शेवटी ठेवलेली सोयीची.

विमान बहुतेक वेळा चेन्नई, कोलकाता किंवा बंगळुरूहून बदलावं लागतं. पुढे नीलला सरकारी बोट स्वस्त, पण साधारण दोन तास घेते. खाजगी बोटी महाग, लवकर पोचवतात, आणि वरच्या डेकवर उभं राहून वारा खाण्याची मजा त्यांच्यात नाही. बोट लागत असेल तर गोळी आधीच घ्या. पुरेशी रोख रक्कम जवळ असू द्या. बेटावर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, मोठ्या दुखण्याला मात्र श्री विजयपुरमच गाठावं लागतं, त्यामुळे नेहमीची औषधं बरोबर हवीत. वाळूतल्या बारीक माश्या चावतात, त्यासाठी मलम. मगरींच्या सूचनेची पाटी दिसली तर ती गमतीत घेऊ नका, २०१०मध्ये हॅवलॉकला एका अमेरिकन तरुणीचा जीव गेलाय. आणि किनाऱ्यावरचा प्रवाळाचा तुकडा कितीही सुंदर दिसला तरी बॅगेत टाकू नका. वन्यजीव कायद्याने त्याला वाघाइतकंच संरक्षण आहे आणि विमानतळावर बॅगा तपासतात.