तेल आहे कुठं?

अप्पा एसटीच्या डेपोत हेड मेकॅनिक होते. पहाटेची पहिली गाडी सुटायच्या आधी इंजिनचं तेल बघायचं, हा डेपोतला नियम त्यांनी घरच्या फियाटलाही लावला होता. गाडी सपाटीला उभी, इंजिन रात्रभर निवलेलं, तेल सगळं खाली चेंबरात उतरलेलं. मग पट्टी ओढायची, जुन्या बनियनच्या फडक्यानं पुसायची, परत पूर्ण आत घालायची, पुन्हा ओढायची आणि आडवी धरून उजेडात बघायची. मी पट्टी उभी धरली की ते वैतागत. ओघळ खाली सरकतो आणि खोटं सांगतो, म्हणत. दोन खुणांच्या मध्ये तेल दिसलं की एक थेंब अंगठा आणि तर्जनीत चोळायचे, हुंगायचे, मगच "चला." चालू इंजिनची पट्टी काढणं म्हणजे त्यांच्या लेखी जेवत्या माणसाच्या ताटात हात घालणं.

एवढं शिक्षण गाठीशी बांधून मी स्टुटगार्टला नोकरीला आलो. हे गाव पॉर्शचं. कारखाना त्सुफेनहाउझन या उपनगरात. गाव मात्र वाडग्यासारखं, चहूबाजूंनी चढ आणि उतारांवर द्राक्षमळे. आमच्या शेजारच्या निवृत्त गृहस्थांकडे १९८६ ची ९११ कॅरेरा होती. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला जाताना त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. आठवड्यातून एकदा अर्धा तास फिरवून आण आणि तेल बघत जा, एवढंच सांगितलं. कसं बघायचं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. हेड मेकॅनिकचा मुलगा विचारेल कशाला?

रविवारी सकाळी, इंजिन गार असताना, मागचं झाकण उघडलं. या गाडीचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असतं. उजव्या बाजूला तेलाचं तोंड, त्यातच पट्टी. ओढली तर कोरडी. पुसून पुन्हा घातली, पुन्हा कोरडी. माझ्या पोटात गोळा आला. गॅरेजात डबा होता. दीड लिटर ओतलं तेव्हा कुठं पट्टीचं टोक ओलं झालं. गाडी काढली. चढ चढून वर आलो, इंजिन चांगलं तापलं, आणि आरशात बघतो तर मागचा रस्ताच दिसेना. निळसर पांढरा धूर, एखाद्या म्हाताऱ्या टेम्पोला शोभेल असा.

तेल कमी नव्हतंच. ते दुसरीकडे होतं.

साध्या गाडीत तेल इंजिनच्या खालच्या चेंबरात राहतं आणि पंप ते तिथून ओढतो. वेगात वळण घेतलं की ते एका बाजूला धावतं. वळणावर पाण्याच्या टँकरमधून रस्त्यावर पाणी सांडतं ना, तसं. बाजार आणि ऑफिस करणाऱ्या गाडीला त्याचं काही नाही. पण शर्यतीच्या वेगानं लांबलचक वळण घेताना पंपाच्या तोंडाशी तेलाऐवजी हवा आली, तर क्रँकच्या बेअरिंगमधला तेलाचा थर तुटतो. तो थर मुळात मायक्रॉनमध्ये मोजण्याइतका पातळ. तुटला की धातूला धातू लागतो आणि इंजिन सीझ. म्हणून ९११ मध्ये १९६३ च्या पहिल्या रूपापासून चेंबरात तेल साठवतच नाहीत. एक पंप ते सतत उपसून वेगळ्या उभ्या टाकीत नेतो, दुसरा टाकीतून इंजिनला पाजतो. तेल बदलायचं तर दहाएक लिटर लागतं, कारण हवेवर थंड होणाऱ्या या इंजिनात उष्णता वाहून नेण्याचं कामही बरंचसं तेलच करतं.

आता गाडी रात्रभर उभी राहिली की टाकीतलं तेल हळूहळू झिरपून इंजिनात परत येतं. पट्टी मात्र टाकीत. म्हणजे इंजिन तेलानं भरलेलं आणि पट्टी कोरडी. शिवाय वीस अंशांचं दहा लिटर तेल नव्वद अंशांवर गेलं की जवळजवळ अर्धा लिटर फुगतं. माझं दीड लिटर, वर हे फुगलेलं. जादाचं तेल हवेच्या नळीवाटे इंजिनच्या श्वासात शिरलं आणि जळालं.

तेव्हा या गाडीचं तेल बघायचं ते इंजिन पुरतं तापवून, सपाटीला, चालू ठेवून. स्टुटगार्टच्या उतारांवर सपाटी शोधणं हेच एक काम. त्यात जर्मनीत विनाकारण इंजिन चालू ठेवून उभं राहणं नियमाविरुद्ध. समोरच्या खिडकीचा पडदा हलला की मी पट्टी उंच धरून दाखवायचो, कारण आहे म्हणून. डॅशबोर्डवर तेलाच्या पातळीचा काटाही आहे, पण तोही लहरी. गाडी पळत असताना तो शून्याकडे झोपतो. नवखा माणूस घाबरून गाडी बाजूला घेतो, तेवढ्यात काटा उठून बसतो.

बनवणाऱ्यांनी एकदा लोकांची सोय बघितली होती. १९७२ च्या मॉडेलात तेलाची टाकी पुढे सरकवून तिचं तोंड बाहेरून, उजव्या दारामागच्या छोट्या झाकणाखाली दिलं. त्यात पंपावरच्या पोरांनी पेट्रोल ओतल्याचे किस्से आजही सांगतात. पुढच्याच वर्षी ते झाकण गेलं. आताच्या ९११ ला तर पट्टीच नाही, पडदा आकडा सांगतो. तो अचूक असेल. पण पडद्यावरचं तेल हुंगता येत नाही, आणि तेलात पेट्रोल उतरलंय का हे अप्पांना नाकानंच कळायचं.

शेजारी घरी आल्यावर सगळं कबूल केलं. ते रागावले नाहीत, कुबडीनं टाकीखालचा बोल्ट तेवढा दाखवला. जास्तीचं तेल काढताना माझी बाही कोपरापर्यंत माखली.

रात्री अप्पांना फोन केला. "इंजिन चालू ठेवून पट्टी? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मग मी टाकी, दोन पंप, झिरपणं, सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प. पलीकडून टीव्हीवरच्या बातम्या ऐकू येत होत्या.

"म्हणजे माझ्या त्या पळायच्या टेस्टसारखं," ते म्हणाले. "झोपवून काढलेला ईसीजी चांगला होता की माझा."

मी काहीच बोललो नाही. त्या टेस्टनंतरच त्यांची अँजिओप्लास्टी झाली होती.

"बरं, एक सांग," त्यांचा आवाज एकदम डेपोतला झाला, "चालू इंजिनवर झाकण काढलं की तेल उडत नाही?"

"नाही अप्पा. इंजिन फक्त अडखळतं थोडं."

"हवा ओढत असणार तिथून. आणि नाही अडखळलं तर?"

हे मला माहीत नव्हतं.

"मग दुसरीकडून कुठून तरी हवा घेतंय ते. आधीपासूनच," अप्पा म्हणाले. "उद्या बघ आणि कळव मला."