फुकट आलेल्या दोन हजार ओळी

पुण्यात नोकरी करणारी माझी कन्या दिवाळीला आठ दिवस कोल्हापुरास आली होती. रोज रात्री ती संगणकावर एकच मजकूर उघडून बसलेली दिसे. चौथ्या दिवशी न राहवून विचारले. परदेशातील एका गृहस्थाने तिच्या कामात भर म्हणून दोन हजार ओळींचा प्रोग्राम विनामूल्य लिहून पाठविला होता आणि तो स्वीकारावा की नाही, हे तिला ठरवायचे होते. "फुकट मिळते आहे, काम चांगले आहे, मग अडचण कसली?" मी म्हणालो. छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाने असे बोलायला नको होते.

कन्या फावल्या वेळात एक 'बिल्ड टूल' सांभाळते. गुजरीत साजाचे एखादे पदक बदलायचे असेल, तर सराफ सगळा साज आटवीत नाही. तेवढेच पदक घडवून पुन्हा ओवतो. मोठा प्रोग्रामही शेकडो तुकड्यांचा असतो. कोणता तुकडा बदलला आणि त्यामुळे काय काय नव्याने घडवावे लागेल, हे पाहून ते काम करून घेणारे हे साधन. ते ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याची घडण सर्वांना खुली. सुधारणा कोणीही सुचवावी. ती आत घ्यायची की नाही, हे मात्र सांभाळणाऱ्या दोघातिघांनी ठरवायचे.

तिने मला 'मेक' या साधनाची हकीकत सांगितली. अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते १९७६ साली लिहिले. त्यात आज्ञेच्या प्रत्येक ओळीआधी टॅबचे बटण दाबावे लागते. मोकळी जागा सोडून चालत नाही, आणि पडद्यावर तर दोन्ही सारखेच दिसतात. हा नियम बदलावा असे वाटेपर्यंत ते साधन वापरणारे डझनभर लोक झाले होते, बहुतेक मित्रच. त्यांची अडचण नको म्हणून फेल्डमन यांनी नियम तसाच ठेवला. आज जवळजवळ पन्नास वर्षांनीही नवशिके तिथे अडखळतात.

"ओळी बरोबर आहेत, बाबा," ती म्हणाली. "पण उद्या काही बिघडले तर लोक मला विचारणार. आणि त्यातल्या पाचशे ओळी मला अजून नीट कळलेल्या नाहीत."

मला १९९१ ची सप्टेंबरअखेर आठवली. बिलांवरील व्याज काढण्यासाठी आमच्या शाखेतील एका हुशार कारकुनाने स्वतःचा तक्ता बसविला होता. मीच सही करून तो रूढ केला. पुढे त्याची बदली झाली. सहामाही हिशेबाच्या रात्री ४७ रुपयांचा फरक निघाला आणि तो शोधण्यात सहा माणसांची रात्र गेली. बिलाची मुदत सुट्टीच्या दिवशी भरली तर दिवस कसे मोजायचे, याची खूण त्याने समासात करून ठेवली होती. तिचा अर्थ त्यालाच ठाऊक. सही मात्र माझी होती.

नाकारणेही सोपे नव्हते. त्या गृहस्थाचे तीन महिन्यांचे श्रम त्यात होते. आपल्या संस्थांमध्येही अशा एका 'नको'ने किती उमेदीची माणसे कायमची दुरावतात!

शेवटी तिने मधला मार्ग काढला. मूळ साधनात जोड बसविण्यापुरती सोय करून द्यायची; जोड त्या गृहस्थाच्या नावे बाहेरच राहील, ज्याला हवी तो बसवून घेईल, दुरुस्ती तोच पाहील. वर्षभराने पुन्हा विचार. पत्राचा मसुदा तिने मला वाचून दाखविला. आभार भरपूर होते, कारण कुठेच नव्हते. 'आपल्या अर्जाचा यथावकाश विचार करण्यात येईल' अशी शेकडो पत्रे मी स्वतः पाठविली आहेत. ती मिळाल्यावर माणसे काउंटरवर कोणत्या चेहऱ्याने येत, तेही पाहिले आहे. "पाचशे ओळी कळल्या नाहीत, हे लिही," मी म्हणालो. असे सर्वांदेखत कबूल करायचे म्हणून ती घुटमळली, मग लिहिले.

भाऊबीजेच्या सकाळी उत्तर आले. गृहस्थ रुसला आहे की नाही, ते त्याच्या इंग्रजीवरून मला उमगले नाही. पण त्या पाचशे ओळी त्याने पुन्हा तपासल्या होत्या आणि त्यांतल्या साठ, नकोतच म्हणून, स्वतःच काढून टाकल्या होत्या.