तळे राखील तो

‘तळे राखील तो पाणी चाखील’ ही म्हण आपल्याकडे बहुधा वरकमाईच्या संदर्भात वापरली जाते. राखणदाराने चार घोट घेतले तर त्यात एवढे काय, असा तिचा समजूतदार भाव आहे. परंतु राखणदाराने आपल्या जिभेला रुचेल तसे तळेच बदलून टाकले तर काय म्हणावे, याचे उत्तर त्या म्हणीत नाही. हा प्रश्न आम्हांला पडला तो अमेरिकेतल्या मिशिगन सरोवरावर, आणि तोही एका माशापायी.

आम्ही मत्स्याहारी कुळातले. बेळगावास राहून आंबोलीचा घाट चढून येणाऱ्या मासळीची वाट पाहण्यात आमचे बालपण गेले, आणि मे महिन्यात आजोळी गोव्यास गेलो की खाजणातल्या मानशीपाशी गरी टाकून बसण्यात दुपारी सरत. त्या गरीला काळुंदर लागो की तांबसो लागो, संध्याकाळी तो मावशीच्या हुमणात दिसे. मासा धरणे आणि मासा खाणे या दोन क्रियांत काही अंतर असू शकते, ही कल्पनाच आमच्या मनाला कधी शिवली नव्हती. मासा धरावा, त्याचे वजन करावे, त्याच्यासह छायाचित्र काढून घ्यावे आणि त्याला पुन्हा पाण्यात सोडून द्यावे, असा खेळ जगात आहे हे ऐकून मावशीने एवढेच विचारले असते, “मागीर धरलो कित्याक?”

गेल्या ऑगस्टात आम्ही मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स या शहरी भाच्याकडे राहावयास गेलो होतो. आमची ही गरीची जुनी आवड त्याला ठाऊक. “मामा, एवढ्या दूर आलात, आता आमचे तळेही पाहून घ्या,” असे म्हणून त्याने आम्हांला लडिंग्टनच्या बंदरावर नेले. त्याला तळे म्हणणे हा विनोदच होय. लांबी सुमारे ४९४ किलोमीटर, रुंदी अधिकात अधिक १९० किलोमीटर, खोली काही ठिकाणी २८१ मीटर. क्षेत्रफळ एवढे की आपले पंधरा गोवे त्यात सुखाने बुडावेत. दीपस्तंभ आहेत, लाटा आहेत, वाळूच्या टेकड्या आहेत. पलीकडचा तीर दिसत नाही. ओंजळभर पाणी तोंडाला लावले आणि ते खारट लागले नाही, तेव्हाच हा समुद्र नव्हे हे आमच्या जिभेने मान्य केले.

भाड्याच्या नावेने पहाटेच्या अंधारात किनारा सोडला. तेथे मासा शोधावयाचा तो प्रथम तापमानाने. उन्हाळ्यात सरोवराचे वरचे पाणी तापते आणि खालचे थंडगार राहते. या दोहोंच्या सीमेवर, जेथे पारा बारा अंश सेल्सियसच्या आसपास असतो, तेथे चिनूक जातीचा साल्मन हिंडत असतो. नावेच्या कडेला लहानसे रहाट बसविलेले असतात. त्यांवरून चार-पाच किलोचा शिशाचा गोळा हव्या त्या खोलीपर्यंत सोडतात आणि गळाचा तंगूस त्या गोळ्याला चिमट्याने अडकवितात. आमिष म्हणजे अंधारात चकाकणारा, रंगविलेला धातूचा चमचा. नाव माणसाच्या चालण्याइतक्या संथ गतीने चालत राहते. माशाने चमचा ओढला की तंगूस चिमट्यातून सुटतो, वाकलेली काठी ताडकन सरळ होते, आणि मग रिळाचा जो आक्रोश सुरू होतो तो ऐकून झोपाळू माणूसही उडी मारून उठतो.

तशी एक काठी तांडेलाने आमच्या हाती दिली. वीस मिनिटे त्या अदृश्य जीवाने आम्हांला खेळविले. आम्ही वीस हात तंगूस गुंडाळावा, त्याने चाळीस हात ओढून न्यावा. अखेर दांड्याच्या जाळ्यात आलेला तो रुपेरी, काळ्या ठिपक्यांचा, सात किलोंचा मासा पाहून आमचे वय आम्ही विसरलो, हे येथे नमूद केले पाहिजे. मासेमारीला खेळ का म्हणतात ते त्या वीस मिनिटांत कळले. परंतु आम्ही “काय हा सरोवराचा राजा!” असे उद्गारताच भाचा हसला आणि म्हणाला, “मामा, हा राजा येथला नव्हे. त्याला आणून बसविला आहे.”

ती कथा ऐकण्यासारखी आहे. या सरोवराचा मूळचा धनी म्हणजे लेक ट्राउट, थंड व खोल पाण्यात सावकाश वाढणारा मासा. नायगाऱ्याचा धबधबा अटलांटिकच्या बाजूच्या जलचरांना वरच्या सरोवरांत येऊ देत नसे. १८२९ साली जहाजांसाठी वेलंड कालवा निघाला आणि ती नैसर्गिक वेस मोडली. त्या वाटेने लॅम्प्रे नावाचा, वामेसारखा लांबोडका, जबड्याऐवजी दातांचे गोल तोंड असलेला जीव शिरला. तो माशाच्या अंगाला चिकटून रक्त शोषतो, आणि आपल्या आयुष्यात एकेक लॅम्प्रे १८ किलोंपर्यंत मासळीचा जीव घेऊ शकतो. १९३६ साली तो मिशिगन सरोवरात दिसला. माणसाची जाळी ट्राउटला आधीच ओरबाडीत होती, त्यात ही भर. १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मिशिगन सरोवरातून लेक ट्राउट नाहीसा झाला.

घरधनी गेला की घरात कोणीही शिरतो. एलवाइफ नावाचा, आपल्या पेडवे-तारल्यांच्या गोतातला लहानसा समुद्री मासा येथे १९४९ साली प्रथम आढळला. त्याला खाणारे कोणी उरले नव्हते, तेव्हा तो बेसुमार वाढला आणि १९६७ च्या उन्हाळ्यात असंख्य संख्येने मरून शिकागोपासून उत्तरेपर्यंतच्या किनाऱ्यांवर सडू लागला. मेलेल्या मासळीचे ढीग यंत्रांनी उपसावे लागले. तोवर लॅम्प्रेवर तोड निघाली होती. सुमारे सहा हजार रसायने तपासून लॅम्प्रेची पिल्ले तेवढी मारणारे एक औषध शास्त्रज्ञांनी हुडकले, आणि १९५८ पासून ते नद्यांत सोडण्यास आरंभ झाला. आता प्रश्न उरला तो एवढ्या एलवाइफचे करावयाचे काय, हा.

मिशिगन राज्याच्या मत्स्यखात्याचे प्रमुख हॉवर्ड टॅनर यांनी त्याचे जे उत्तर दिले ते धाडसाचे होते. पॅसिफिकच्या किनाऱ्यावरील ओरेगनहून कोहो साल्मनची अंडी मागवून, ती उबवून, १९६६ च्या वसंतात त्याची पिल्ले प्लॅट नदीत व दुसऱ्या एका ओढ्यात सोडण्यात आली. पुढल्या वर्षी चिनूकचीही सोडली. हे केवळ एलवाइफच्या नाशासाठी नव्हते. हौशी लोकांना खेळण्याजोगा मासा मिळावा आणि ओसाड बंदरांना बरकत यावी, हा हेतू उघड होता. तो इतका सफळ झाला की १९६७ च्या सप्टेंबरात कोहोच्या वेडाने हजारो लोक लहानसहान होड्या घेऊन सरोवरात घुसले आणि २३ तारखेच्या वादळात त्यांतील सातजण बुडून मेले. तरी वेड ओसरले नाही. बंदरे जागी झाली, नावा वाढल्या, खाणावळी भरल्या. गळ-काठीवरील करातून मत्स्यसंवर्धनाला पैसा देण्याचा कायदा तेथे १९५० पासूनच आहे. परवान्यांचे शुल्क त्यात मिळविले की तळे राखण्याचा बराचसा खर्च खेळणाराच देतो. ही व्यवस्था आम्हांला मनापासून आवडली.

परंतु मावशीचा प्रश्न काही आमच्या मनातून जाईना. ज्यांचे पोट जाळ्यावर होते त्यांचे काय? राज्याने सरोवर हौशी लोकांसाठी राखण्याचे धोरण धरले आणि जाळी टाकणारे धंदेवाईक मागे पडले. ओडावा व ओजिब्वे या मूळ रहिवाशांनी मात्र १८३६ च्या तहात आपण मासेमारीचा हक्क सोडलेला नाही असे न्यायालयात मांडले आणि १९७९ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. पोटासाठी मासा धरणारा आणि खेळासाठी धरणारा यांच्यात त्या काळी धक्क्यांवर कटुता माजली होती. तळे राखणे सोपे, पण ते कोणासाठी राखावयाचे हे ठरविणे कठीण.

निसर्गाचे गणितही पुढे निराळेच निघाले. १९८० च्या दशकात परदेशी जहाजांच्या पोटातील पाण्याबरोबर नखाएवढे शिंपले आले. त्यांनी सरोवराचे पाणी गाळून गाळून आरशासारखे स्वच्छ केले. दिसावयास सुंदर, पण त्या पाण्यातले सूक्ष्म अन्नच नाहीसे झाले. शेजारच्या ह्यूरन सरोवरात २००३-०४ साली एलवाइफ कोसळला आणि त्याच्यामागून चिनूकही गेला. त्या किनाऱ्यावरची कित्येक बंदरे सुनी झाली, नावा विकल्या गेल्या. आणि नवल असे की, त्याच सुमारास तेथले मूळचे मासे डोके वर काढू लागले. एलवाइफ वॉलाय माशाची पिल्ले खाई, ती आता वाचू लागली. ट्राउटचे दुखणे अधिक गूढ होते. एलवाइफच्या अंगात थायमिन हे जीवनसत्त्व नष्ट करणारे द्रव्य असते. तो खाऊन वाढलेल्या मादीच्या अंड्यांतून निघालेली पिल्ले निःसत्त्व होऊन मरत. तो पाहुणा गेला आणि घरच्यांच्या पाळण्यात पोरे जगू लागली.

म्हणजे पेच असा की, चिनूक हवा तर एलवाइफ राखला पाहिजे, आणि एलवाइफ राखला तर ट्राउटचा वंश धड वाढणार नाही. मिशिगन सरोवरात २०१३ साली आणि पुन्हा २०१७ साली चिनूकची पिल्ले सोडण्याचे प्रमाण घटविले गेले, ते साल्मनला पुरेल एवढा एलवाइफ शिल्लक राहावा म्हणून. ज्या पिडेच्या निवारणासाठी साल्मन आणला, त्या पिडेचीच आता जपणूक! आमच्या तांडेलाचे घर साल्मनवर चालते. मूळचा मासा परत येतो आहे याचा आनंद मानावा, की त्या भल्या माणसाच्या चुलीची काळजी वाहावी, हे त्याच्या नावेवर बसून ठरविणे आम्हांला अवघड गेले.

दुसरे दिवशी भाच्याने किनाऱ्यालगतच्या उथळ, खडकाळ पाण्यात बास दाखविला. हा मात्र अस्सल येथला. त्याचा नर खडीत घरटे करून अंड्यांवर पहारा देतो. त्याला गळाने उचलून क्षणभर जरी दूर नेले, तरी परदेशातून आलेला गोबी नावाचा क्षुद्र मासा त्या अंड्यांवर तुटून पडतो. तेव्हा “धरून सोडून दिला” एवढ्याने हिशेब पुरा होत नाही. सोडलेला मासा परतेपर्यंत घर लुटले गेलेले असते. मावशीचा प्रश्न शास्त्रानेही विचारावा, हे आम्हांला गमतीचे वाटले.

ही परक्यांची कथा म्हणून सोडून देता येत नाही. दख्खनी महाशीर हा आपल्या कृष्णा खोऱ्याचा मासा. साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली पुण्याजवळच्या नदीतून त्याचे शास्त्रीय वर्णन केले. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात त्याला देवाचा मासा म्हणून कोणी हात लावीत नाही. धरणांनी तो दुर्मिळ होऊ लागला तेव्हा लोणावळ्यास टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकात त्याची पैदास सुरू केली, हे पुण्याचेच काम. पण त्याची पिल्ले कावेरीतही सोडली गेली. कावेरीचा स्वतःचा महाशीर होता, पाठीला उंचवटा असलेला, गळ टाकणाऱ्यांच्या जगात प्रसिद्ध. गळ टाकणाऱ्यांनी ठेवलेल्या नोंदींवरूनच पुढे संशोधकांना दिसले की, नवा वाढत गेला तसतसा जुना घटत गेला. २०१८ साली तो अत्यंत संकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. हेतू शुद्ध होता, मासा भारतीय होता, तरी नदी त्याची नव्हती.

टॅनर यांना दोष देण्याइतके आम्ही उतावीळ नाही. त्यांच्यापुढचे सरोवर आधीच मोडलेले होते, आणि मोडक्या घरात निदान दिवा तरी लावावा असे त्यांना वाटले. खेळ हे पाप आहे असेही आम्ही म्हणत नाही. ती वीस मिनिटे आम्ही कोणाला देणार नाही, आणि त्या माशाचे हुमणही उत्तम झाले. मोठ्या माशांच्या चरबीत जुन्या कारखान्यांची विषारी द्रव्ये साठतात, म्हणून तो किती खावा हे सांगणारी सरकारी पत्रके तेथे असतात. ती वाचून आम्ही बेताने खाल्ले. आमचा कौल एवढाच की, राखणदाराने पाणी खुशाल चाखावे, पण मूळ तळे कसे होते याची आठवण त्याने जागी ठेवावी. आपल्या बहुतेक जलाशयांत आज १९५२ साली भारतात आणलेला तिलापी सापडतो, आणि पोरे त्यालाच गावचा मासा समजतात. घटप्रभेच्या वा मलप्रभेच्या काठी उद्या कोणी नवी पिल्ले टोपल्या भरभरून आणली, तर टोपली पालथी करण्यापूर्वी काठावरच्या एखाद्या म्हाताऱ्या भोयाला विचारावे, “काका, येथे आधी कोण राहात होते?”