नामचेच्या वरची रोकड

नेपाळात १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी रुपये होतात. १९९३ पासून हा दर ठरलेला असल्याने पेढीवरच्या माणसाला हिशेब सोपा वाटतो. कसोटी लागते ती एव्हरेस्ट तळाच्या वाटेवर. ३,४४० मीटरवरील नामचे बाजार मागे पडला, की एटीएमचा भरवसा संपतो; पुढे रोकड हीच पत. वर जावे तसा डाळभाताचा भावही चढतो. त्यावर घासाघीस करणाऱ्याने पाठीवरून तांदूळ वाहणारा भारवाहक एकदा पाहावा. वाहतूक खर्च व्यापाऱ्याला समजावून सांगावा लागू नये! कंदमुळे वर्ज्य असणाऱ्याला बटाट्याच्या त्या मुलुखात निवड थोडी, म्हणून रक्कम सढळ हवी. भारवाहकाची बक्षिसी मात्र पहिल्याच दिवशी निराळ्या पाकिटात बांधावी. उरलेल्या पैशांतून देऊ म्हटले, तर कात्री तिलाच लागते.