विक्रीस निघालेले घर

राजपुरीच्या खाडीमुखाशी सिद्दीचा जंजिरा उभा आहे. त्या खाडीच्या दक्षिण तीरावर, आगरदांड्याहून मोटारी घेऊन येणारी फेरीबोट जेथे लागते त्या दिघीत, एक जुने घर विक्रीस निघाले आहे. ते मी नुकतेच पाहून आलो. ज्याची विकत घेण्याची ऐपतच नाही त्याला घासाघीस करावयाची नसते, आणि म्हणून घराकडे तो निर्लोभ दृष्टीने पाहू शकतो.

जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, मंगलोरी कौलांचे उतरते छप्पर, पुढे पडवी, मग ओटी, माजघर, मागील दारी विहीर आणि थोड्या पोफळी, असा सारा सरंजाम आहे. स्वयंपाकघरात मान वर करून पाहिले, तर चुलीवरचे वासे धुराने काळेभोर झालेले, पण निकोप. आणि ओटीवरच्या वाशावर मात्र वाळवीची मातकट रेघ भिंतीवरून थेट आढ्यापर्यंत चढलेली. कित्येक पिढ्या तो धूर लाकडात मुरत गेला आणि त्याने किडीस मज्जाव केला. ज्याला आपण घराचे रूप म्हणतो ते पुष्कळ अंशी अशा नित्य वहिवाटीचेच फलित असते.

स्पेनच्या दक्षिणेस, अंदालुसियात, अशीच जुनी घरे विक्रीस निघतात आणि थंड मुलखातील धनिक ती हौसेने घेतात. तेथील घर उन्हाला पाठ देऊन आतल्या चौकाकडे तोंड करते. कोर्दोबा शहरातील चौकांच्या पुष्पोत्सवाला 2012 साली युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाचा मान दिला. परंतु त्या भिंतींवरील कुंड्यांना रोज पाणी घालणारे कुटुंब आत नांदते, म्हणूनच तो चौक प्रेक्षणीय ठरतो.

आमच्याकडे नांदणारेच मुंबईस गेले. 1956 चा वारसा कायदा आणि 2005 ची दुरुस्ती यांनी मुलींनाही हक्क दिला, हे न्याय्यच झाले. पण हक्कनोंदीत नावांची दाटी होत असताना दिवेलागणीस घरात कोणी उरले नाही. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ याच श्रीवर्धन तालुक्याच्या किनाऱ्यावर आदळले, पोफळींच्या बागा भुईसपाट झाल्या, कौले उडाली. शेजारच्या नांदत्या घरावर लगेच ताडपत्री चढली. या बंद घराच्या माजघरात तो सारा पावसाळा पाणी गळत राहिले.

खरेदीखतात चतुःसीमा लिहितात, विहिरीच्या पाण्याचा हक्क लिहितात, झाडेसुद्धा मोजून लिहितात. घरात राहण्याचे कलम मात्र कोणत्याही दस्तऐवजात नसते, आणि ते पाळले गेले नाही तर बाकीची सारी कलमे निरर्थक ठरतात. दलाल गिऱ्हाइकाला मार्गशीर्षातल्या कोवळ्या उन्हात घर दाखवतो, तेव्हा कोणतेही घर देखणेच दिसते. ज्यांच्या मनात अशी खरेदी असेल त्यांनी आषाढात यावे, त्याच छपराखाली पंधरा दिवस काढावेत, गळणारी कौले स्वतः शाकारून घ्यावीत, आणि तरीही मन मागे हटले नाही तरच विसार द्यावा.