किती सीसीची गाडी घ्यावी

कोल्हापूर,
दिवाळीआधीचा रविवार

चि. मुक्ता,


तुझा मेसेज वाचला. दोन ओळींत उत्तर देण्यासारखं हे प्रकरण नाही, म्हणून निवांत लिहायला बसलोय. पाडव्याला स्पोर्ट बाइक घ्यायचीय, पैसे साठलेत, आणि ऑफिसातला एक जण त्याची सहाशेची, चार सिलिंडरची गाडी नव्या चारशेच्या भावात देतोय. ताईला अजून काही कळलेलं नाही, हेही लक्षात आलं. तू विचारलंयस, "मामा, किती सीसीची घेऊ?" माझं मत आधी सांगतो, कारणं मागून. सहाशे नको. तीनशेच्या आसपासची, दोन सिलिंडरची घे.

आता कारणं. उद्यमनगरात सिलिंडर बोअर करण्यात आणि होनिंग करण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे मी सीसीकडे जरा वेगळ्या नजरेनं बघतो. पिस्टन खालून वर जाताना सिलिंडरमधली जेवढी जागा रिकामी करतो तेवढे सीसी. त्यावरून गाडीची ताकद कळते असं लोक धरून चालतात, पण आकडे शेजारी शेजारी ठेवून बघ. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३४९ सीसीची, ताकद २०.२ पीएस. यामाहाची आर-१५ अवघी १५५ सीसीची, तिची १८.४. आणि कावासाकीची झेडएक्स-४आर ३९९ सीसीची असून सत्तरच्या पुष्कळ वर जाते. सीसीवरून गाडी निवडायची तर ह्या तिघींना कुठं बसवणार?

उत्तर स्ट्रोकमध्ये आहे. पिस्टन वर-खाली किती चालतो तो स्ट्रोक. क्लासिकचा स्ट्रोक ८५.८ मिलिमीटर, आणि जास्तीत जास्त ताकद मिनिटाला ६,१०० फेऱ्यांवर. म्हणजे पिस्टनचा सरासरी वेग पडतो सेकंदाला साडेसतरा मीटरच्या आसपास. आर-१५ चा स्ट्रोक ५८.७, फेरे १०,०००, पिस्टनचा वेग साडेएकोणीस मीटर. झेडएक्स-४आर चा स्ट्रोक फक्त ३९.१, पण फेरे १४,५०० च्या घरात, आणि पिस्टनचा वेग एकोणीसच्या जवळ. बघ, तिन्ही गाड्यांत पिस्टन जवळपास सारख्याच वेगानं पळतोय. त्याहून फार वेगानं पळवला तर रिंगा, पिन, कनेक्टिंग रॉड यांच्यावरचा ताण झपाट्यानं वाढतो. मग जास्त ताकद हवी असेल तर इंजिनिअर काय करतो? एका मोठ्या सिलिंडरचे चार छोटे करतो, स्ट्रोक आखडतो, आणि तेवढ्याच वेळात जास्त वेळा स्फोट घडवतो. हा हिशेब मला आजही सुंदर वाटतो. कागद घेऊन तू स्वतः करून बघ. मीटरमधला स्ट्रोक गुणिले दोन, गुणिले फेरे, भागिले साठ. दुकानात सेल्समन जे सांगेल त्याहून जास्त तुला त्यातून कळेल.

आता हे रस्त्यावर आण. छोट्या स्ट्रोकच्या, चार सिलिंडरच्या सहाशेची खरी ताकद तेरा हजार फेऱ्यांच्या आसपास येते. ती गाडी पहिल्या गिअरमध्येच ताशी शंभर ओलांडते, आणि हजार सीसीवाली तर पहिल्यातच एकशेचाळीसच्या पुढं जाते. तू कोथरूडहून हिंजवडीला जातेस. तिथं ती गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चार हजार फेऱ्यांवर कुरकुरत राहणार, रेडिएटरचा पंखा तुझ्या मांड्यांवर गरम हवा सोडणार, आणि जिच्यासाठी पैसे मोजलेस ती ताकद बहुतेक दिवस तुझ्या वाट्याला येणारच नाही. मोकळा रस्ता म्हणशील, तर पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी, समृद्धीवरही बंदी. राहिला आपला बंगळूर हायवे. तिथं मोटरसायकलला ताशी ८० ची मर्यादा आहे, आणि मर्यादा बाजूला ठेवली तरी उसाच्या ट्रॉल्या, उलट्या दिशेनं येणारे दुचाकीवाले, खंबाटकीच्या अलीकडं-पलीकडं एकदम लागणारं ट्रॅफिक आहेच. वेग दुप्पट झाला की थांबायला जागा चौपट लागते, हे तू शाळेत शिकलीस. पण ब्रेक दाबायचं मनात येऊन हात लिव्हरवर जाईपर्यंत एक सेकंद जातो, आणि ताशी १२० ला त्या एका सेकंदात गाडी तेहतीस मीटर पुढं गेलेली असते, ब्रेक न लागता. हे हायवेवर मनात ठेव.

तुला घाट आवडतात, ताम्हिणीचे फोटो पाठवतेस. घाटातच गाडी शिकता येते असं माझं मत आहे. वळणात शिरण्याआधी वेग कमी करायचा, नजर वळणाच्या शेवटावर न्यायची, गाडी झुकवायची आणि बाहेर पडताना थ्रॉटल हळूहळू, न थांबता उघडत जायचा. यातलं शेवटचं काम सगळ्यात अवघड. छोट्या इंजिनवर तू थ्रॉटल निम्म्याच्या वर उघडू शकतेस, चुकलीस तर गाडी तुला सांगते, ओरडते, पण उडवून देत नाही. सहाशेवर तोच थ्रॉटल पाव उघडताना मनगट कचरतं. कचरलेल्या हाताला वळण शिकवता येत नाही. अशा गाड्यांवर वर्षानुवर्षं सरळ रस्त्यावर बाण आणि वळणात बैलगाडी झालेले लोक मी पाहिलेत, आणि मला त्यांच्यासाठी वाईट वाटतं, कारण गाडीचं खरं सुख त्यांना कधी मिळालंच नाही.

मोठमोठ्या रेसर लोकांनीही लहानापासूनच सुरुवात केली. व्हॅलेंटिनो रॉसी जागतिक स्पर्धेत १९९६ मध्ये उतरला तो १२५ सीसीवर. १९९७ मध्ये १२५ चा जगज्जेता झाला, १९९९ मध्ये २५० चा, आणि ५०० चा २००१ मध्ये. मार्क मार्केझनंही २०१० चं विजेतेपद १२५ वर मिळवलं, मोटोजीपीत तो २०१३ मध्ये आला. त्यांना कुणी मोठी गाडी दिली नसती असं थोडंच आहे? एकेका इंजिनातला शेवटचा थेंब पिळून काढता आला, मगच ते पुढच्यावर बसले.

युरोपात हे कायद्यानंच बांधून दिलंय. तिथं मधल्या टप्प्याचं लायसन्स असतं, त्यावर ३५ किलोवॅटपर्यंतचीच मोटरसायकल चालवता येते, आणि दोन वर्षं ती चालवल्यावर परीक्षा देऊन पुढची पायरी. ३५ किलोवॅट म्हणजे ४७.६ पीएस. आता एप्रिलिया आरएस ४५७ ची ताकद बघ, बरोबर ४७.६. त्या कायद्याच्या काठोकाठ भरेल अशीच ती गाडी आखलीय, आणि ती बनते कुठं, तर आपल्या बारामतीत! मला याचा फार अभिमान वाटतो. आपल्याकडं मात्र तसल्या पायऱ्या नाहीत. अठरा पूर्ण झाली, गिअरच्या गाडीचं लायसन्स मिळालं, की त्याच कार्डावर शंभर सीसीची स्प्लेंडरही चालते आणि १,३४० सीसीची हायाबुसाही. कायद्यानं पायऱ्या केल्या नाहीत म्हणून आपल्या आपण करायच्या, एवढंच मी तुला सुचवतोय.

मग आर-१५ का नको, असं तू विचारशील. तू फक्त शहर आणि घाट करत असतीस तर मी डोळे झाकून तीच सांगितली असती. वजन १४० किलोच्या आसपास, चासी इतकी सरळमार्गी की गाडी जिथं बघशील तिथं जाते, आणि ७,४०० फेऱ्यांना व्हॉल्व्हचं टायमिंग बदलतं तेव्हा आवाज बदलतो तो ऐकतच राहावा. पण तू महिन्याआड कोल्हापूरला येतेस, पाठीवर बॅग, कधी मागं मैत्रीण. एसटीला किंवा कंटेनरला ओलांडताना हाताशी थोडी शिल्लक ताकद असावी लागते, आणि १५५ ला हायवेच्या वेगात ती फारशी उरत नाही.

एक सिलिंडरची मोठी गाडी, केटीएम आरसी ३९० सारखी, हा दुसरा रस्ता. चाकणला बनते, ३७३ सीसी, ४३.५ पीएस, तिचा धक्का मधल्या फेऱ्यांतच जाणवतो आणि ज्याला तो आवडतो त्याला दुसरं काही आवडत नाही. पण ८९ मिलिमीटर व्यासाचा एकच पिस्टन खाली-वर आदळत असतो, त्यामुळे कमी फेऱ्यांवर चेन झटके देते, आणि चांदणी चौकातल्या गर्दीत तुझा डावा हात क्लचवरच राहील. तेच इंजिन दोन पिस्टनांत वाटलं की झटके अर्ध्यावर येतात. निन्जा ३०० मध्ये ६२ मिलिमीटरचे दोन पिस्टन आहेत, स्ट्रोक ४९, ताकद ३९ पीएस, ११,००० फेऱ्यांवर. वर दिलेल्या हिशेबानं पिस्टनचा वेग काढ, अठरा मीटर येईल. शंभरच्या वेगाला ती अजून निवांत असते. सीटही फारशी उंच नाही. तुझी उंची ताईवर गेलीय, तेव्हा दोन्ही पाय जमिनीला टेकतील, आणि १७९ किलोची गाडी उतारावर उलटी ढकलताना याचं महत्त्व कळेल. गाडी जुन्या घडणीची आहे, नव्या गाड्यांसारखा स्क्रीन तिच्यात नाही. पण इंजिन वर्षानुवर्षं रस्त्यावर घासून सिद्ध झालेलं आहे, आणि मला गाडीत तेच हवं असतं. टीव्हीएसची आरआर ३१० पण चालवून बघ. एकच सिलिंडर असला तरी तिचं वळणातलं वागणं मला आवडलं, आणि तिच्या सस्पेन्शनला तुझ्या वजनाप्रमाणे सेटिंग करता येईल असा किटही मिळतो.

पैशाचा हिशेब थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे, त्याहून मोठ्या गाडीवर ४० टक्के. थर्ड पार्टी विम्याचा टप्पाही ३५० लाच बदलतो, वरचा हप्ता जवळपास दुप्पट, आणि नव्या गाडीला तो पाच वर्षांचा एकदम भरावा लागतो. वाचलेल्या पैशात चांगलं हेल्मेट, आर्मरचं जॅकेट, घोट्याच्या वर येणारे बूट आणि ग्लोव्हज घे. हे गाडीच्या किमतीतच धर, नंतर घेईन म्हणू नकोस. नंतर कुणी घेत नाही.

त्या ऑफिसातल्या गाडीबद्दल एवढंच. दहा वर्षांपूर्वीची असेल तर एबीएस आहे का ते बघ. आपल्याकडं १२५ च्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं ते एप्रिल २०१९ पासून, त्याआधीच्या कित्येक गाड्यांत ते नाही. शिवाय मागचा रेडियल टायर, चेनसेट, चार सिलिंडरचे सोळा व्हॉल्व्ह उघडून शिम बदलायचं काम, यातलं प्रत्येक बिल तुझ्या महिन्याच्या पगारात उठून दिसेल. गाडी वाईट नाही. तिला वेळ आहे. दोन वर्षांनी तीनशेचा थ्रॉटल घाटात निःशंक उघडायला लागलीस, की आरएस ४५७ बघू, आणि त्यानंतर सहाशेसुद्धा. तोवर एकदा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर शिकायला जाऊन ये. तिथं कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूलचे वर्ग भरतात. सगळा खर्च नाही, पण निम्मा मी देईन.

टेस्ट राइडला गेलीस की शोरूमच्या समोरच्या रस्त्यावर एक फेरी मारून परत येऊ नकोस. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ३० ला गाडी झटके न देता चालते का बघ. हँडल पूर्ण वळवून अरुंद रस्त्यात यू-टर्न घे. मोकळी जागा दिसली की साठवरून दोन्ही ब्रेक जोरात दाबून एबीएस कसा काम करतो ते अनुभव. आणि निदान अर्धा तास चालवल्याशिवाय उतरू नकोस, कारण क्लिप-ऑन हँडलचा मनगटावरचा भार पहिल्या दहा मिनिटांत कळत नाही. नाही म्हणाले तर दुसऱ्या शोरूमला जा.

ताईशी मी बोलतो. मात्र बुकिंग करायच्या आधी तिला तू स्वतः सांग. बुधवारपर्यंत कुठली कुठली चालवलीस ते कळव, म्हणजे पाडव्याला मी पुण्यात येतो आणि डिलिव्हरी घेताना चेन, टायरचं प्रेशर आणि ब्रेक माझ्या हातानं तपासून देतो.

तुझा,
मामा