आतली कड

मोटारीविषयी काही लिहावे, असा आमचा अधिकार नाही. उभा जन्म आम्ही पायी, नाहीतर बसच्या खिडकीशी बसून काढला. तुये गावात शाळामास्तरकी करीत असताना एक सायकल होती. चढावर तीही हाताने ढकलतच न्यावी लागे. परंतु 2023 च्या चवथीला घडलेल्या एका प्रसंगाने टायरच्या झिजेविषयी जे शिकविले, ते अद्याप मनातून जात नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

थोरले बंधू गेल्यापासून चवथीला आमचे घर भरते ते पुतण्याच्या येण्याने. तो पुण्यास नोकरीला असतो. त्या वर्षी तो आला तो दोन आसनांची, जमिनीला टेकल्यासारखी लाल स्पोर्ट्स कार घेऊन. गाडी वापरलेली, आधीच्या मालकाने स्प्रिंगा बदलून ती मुळापेक्षाही खाली बसविलेली. जानेवारी 2023 मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून पेडण्याच्या रस्त्यांवर नाना तऱ्हेच्या गाड्या दिसू लागल्या होत्या; पण आमच्या अंगणात, तुळशीवृंदावनाशेजारी, असे वाहन प्रथमच उभे राहिले. वहिनींनी त्याला हळदकुंकू वाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्या म्हणाला, "काका, गाडी सरळ जायला स्टीअरिंग थोडं वाकडं धरावं लागतंय. घाटात एका खड्ड्यात मागचं चाक जोरात आदळलं होतं." आम्ही पाठीमागे हात बांधून गाडीभोवती एक फेरी मारली. चारही टायर काळेभोर. बाहेरच्या बाजूच्या खाचा चांगल्या खोल. "टायर उत्तम आहेत. चवथ झाल्यावर बघू," असा निकाल आम्ही दिला. वडीलधाऱ्याचा शब्द म्हणून त्याने तो मानला.

त्याच दुपारी माटोळीचे सामान आणण्यास आम्ही दोघे पेडण्याच्या बाजारात गेलो. परतताना पावसाची सर आली. उतरणीवरील एका वळणावर गाडीचा वेग बेताचाच होता. तरीही तिचा मागचा भाग एकाएकी बाहेर फेकला गेला. समोरून डोक्यावर माटोळीची ओझी घेतलेल्या दोन बायका येत होत्या. त्यांनी ओझी टाकून बाजूला उडी घेतली म्हणून निभावले. गाडी आडवी होऊन चिऱ्यांच्या गडग्यापासून वीतभर अंतरावर थांबली. रस्त्यावर सुपारीची शिपटी, कवंडाळे, तवशी विखुरली होती. कोणास खरचटलेही नव्हते. त्या बायका काही बोलल्या नाहीत; एकीने ओणवे होऊन सामान गोळा करावयास आरंभ केला. ते त्यांचे न बोलणे आम्हांस फार जड गेले.

जवळच पंक्चर काढणारा एक गृहस्थ राहतो. त्याने येऊन भर पावसात रस्त्यावर गोणपाट अंथरले, त्यावर तो उताणा झाला आणि मागच्या टायरच्या आतील बाजूस त्याने हात फिरविला. "मास्तर, भायल्यान बरो दिसता. भितर हात घालून पळयात," तो म्हणाला. आम्ही गुडघे टेकून हात घातला. बोटांना रबर लागलेच नाही, तारा लागल्या. टायरचा तीन चतुर्थांश भाग धडधाकट आणि आतली चार बोटे रुंदीची कड पार खाऊन गेलेली! पाणी बाहेर फेकण्यासाठी असलेल्या खाचा त्या कडेला उरल्याच नव्हत्या. ओल्या रस्त्याला ती धरणार कशाने?

विसर्जनानंतर ती गाडी दुसऱ्या वाहनावर चढवून चोपडे-शिवोलीच्या पुलावरून म्हापशास नेली. तेथे चारही चाकांना पट्ट्या अडकवून यंत्राच्या पडद्यावर त्यांचे कोन पाहण्यात आले. तेथील कारागिराने समजावून सांगितले, ते आम्ही आमच्या समजुतीप्रमाणे मांडतो. चाकाचा माथा गाडीच्या अंगाकडे झुकलेला असला, की त्या झुकण्याला कॅम्बर म्हणतात. स्पोर्ट्स कारला असा दीड-दोन अंशांचा झुकाव मुद्दाम दिलेला असतो. वळणावर गाडी कलली, की बाहेरच्या चाकाचा टायर रस्त्यावर सपाट बसावा, हा त्यातील हेतू. सरळ रस्त्यावर मात्र आतल्या कडेवर भार अधिक पडतो. गाडी खाली बसविली, की हा झुकाव आणखी वाढतो. तरीही नुसत्या झुकावाने टायर इतक्या लवकर जात नाही. खरा घात करतो तो टो, म्हणजे चाकाचे तोंड आत किंवा बाहेर वळलेले असणे. माणूस पाय फेंगडे टाकून चालतो, तसेच हे. मागची दोन्ही चाके किंचित बाहेर तोंड करून होती आणि खड्ड्यात आदळलेले चाक दुसऱ्याहून अधिक. त्यामुळे मागची चाके गाडीला एका अंगाला ढकलीत आणि पुढची तिला सावरून धरीत. कुर्लीसारखी तिरकी चाल. म्हणूनच वाकडे धरलेले स्टीअरिंग!

आम्ही घरी येऊन जुन्या सवयीने त्रैराशिक मांडले. 17 इंची रिम म्हणजे 432 मिलिमीटर. तिच्या पुढच्या आणि मागच्या कडेत अवघा दीड मिलिमीटर फरक असेल, तर हिशेबाने ते चाक दर किलोमीटरला साडेतीन मीटर आडवे फरफटते. पुणे ते तुये हे अंतर 400 किलोमीटर धरले, तरी 1,400 मीटर! एवढे अंतर टायर आपल्या आतल्या कडेवर खरडत आला होता आणि आत बसलेल्यास त्याचा पत्ता नव्हता. रुंद, ताठ बाजूंचा आणि मऊ रबराचा टायर रस्ता घट्ट धरतो खरा. पण असल्या फरफटीत तो झिजतोही तितकाच झपाट्याने.

लहानपणी बैलगाडीच्या चाकावर लोहार धाव चढवीत, ते आम्ही पाहिले होते. लोखंडी कडे तापवून लाल करायचे, फुगले की लाकडी चाकावर बसवायचे आणि वरून पाणी ओतायचे. मग ते चाक मातीत चालवून, त्याच्या चाकोरीकडे लोहार बराच वेळ ओणवा होऊन पाहत असे. तो काय पाहतो, हे तेव्हा उमगले नव्हते. चपला दुरुस्त करणाराही आधी तळवा उलटा करून टाचेची झीज पाहतो आणि मग माणसाकडे.

म्हापशाच्या त्या कारागिराने नवे टायर घालण्यापूर्वी मूळच्या उंचीच्या स्प्रिंगा बसवायला लावल्या, मग मागच्या दांड्यांवरील बोल्ट किंचित फिरवून कोन जुळविले. "कोन तसेच ठेवून नुसते टायर बदलले असते, तर तेही असेच गेले असते," तो म्हणाला.

या सर्वांत एक गोष्ट उरली होती. गाडी पावसामुळे घसरली, असे पुतण्याने आईला सांगितले होते. आमच्या निकालाविषयी तो चकार शब्द बोलला नव्हता. एके संध्याकाळी आम्हीच वहिनींना सारे सांगितले. त्या वाती वळीत बसल्या होत्या. वात पुरी होईपर्यंत थांबून त्या म्हणाल्या, "भावजी, जरा वाकून बघायचं होतं."

पुढे त्या दोन्ही बायकांच्या घरी आम्ही नारळ घेऊन गेलो. आता पुतण्या आला, की गाडी अंगणात थांबताच आम्ही गोणपाट घेऊन बाहेर येतो. तो हसतो आणि "काका, मी बघतो," म्हणतो. आम्ही त्याचे ऐकत नाही.